उंबऱ्यातला पाटा

मित्रांनो, मी वरवंटा. वयाने जुना, रंगाने काळा आणि सध्या रागाने लाल. दगडाला राग येत नाही असे तुम्हाला कुणी सांगितले असेल, तर त्या माणसाने दगडाकडे कधी नीट पाहिलेले नाही. आम्हाला राग यायला वेळ लागतो हे खरे. पण एकदा आला की जायलाही तेवढाच वेळ लागतो, आणि माझा अजून गेलेला नाही. तेव्हा माझी कहाणी ऐकायची असेल तर समोर नीट बसा आणि पायांत चपला असतील तर त्या आधी बाजूला काढून ठेवा. का, ते पुढे कळेल.

माझा जन्म मनोरच्या बाजूच्या डोंगरातला. एका पाथरवट नवरा-बायकोने एक काळा दगड फोडला. मोठ्या तुकड्याचा पाटा केला आणि उरलेल्या लांबट तुकड्याचा मी झालो. म्हणजे पाटा माझा थोरला भाऊ. मी त्याला दादाच म्हणतो. मनोरच्या बाजारात आम्ही दोघे गोणपाटावर पडून होतो, तेव्हा पाम गावाजवळच्या एका चिकूच्या वाडीतली मैनाबाई समोर उकिडवी बसली. तिने आमच्या अंगावरून हात फिरवला, मला दादावर पुढे-मागे ओढून पाहिले, कान देऊन आवाज ऐकला.

"बाई, यांना येगळं करू नको," पाथरवटीण म्हणाली. "एका दगडाचे हायेत."

"भावाभावाला कोण तोडतं गं?" मैनाबाई हसून म्हणाली आणि आम्हाला घरी घेऊन आली.

तिथे आम्ही काय काय वाटले म्हणून सांगू! ओले खोबरे, हिरवी मिरची, लसूण, चिंच, सुक्या बोंबलाची चटणी. मैनाबाईच्या तळहातांनी माझी दोन्ही टोके घासून गुळगुळीत झाली. दादाही घासला जायचा. पाटा फार गुळगुळीत झाला की वाटण नुसते सरकते, बारीक होत नाही. म्हणून वर्षाकाठी भागी टाकीवाली यायची. ती छिन्नीने दादाच्या अंगावर बारीक खाचा पाडायची, त्यालाच टाकी लावणे म्हणतात. सगळ्या खाचा पाडून झाल्या की भागी दादाच्या वरच्या टोकाला एक छोटासा मासा कोरायची. तिची ती सहीच होती. दगडाच्या चिपा उडायच्या, दादा हूं की चूं करायचा नाही. टाकी झाली की मैनाबाई आमच्यावर खडेमीठ आणि जाडे तांदूळ वाटून सगळी कच काढायची आणि मगच पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची.

पण मित्रांनो, आम्ही नुसते चटणीपुरते नव्हतो. घरात मूल जन्मले की पाचव्या दिवशी सटवाईची पूजा पाटा-वरवंट्यावर व्हायची. ती म्हणे त्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. तुम्ही येता-जाता म्हणता ना, 'कष्ट आमच्या पाचवीलाच पुजलेत'? ती पाचवी आमच्या अंगावर पुजली जाते, एवढे ध्यानात ठेवा. आणि बारशाला तर माझा मान पहिला. मला हळद लावायची, कुंची घालायची, बाळ समजून पाळण्याच्या खालून-वरून या हातातून त्या हातात द्यायचे, आणि बाळाच्या आधी मला पाळण्यात निजवायचे. मी दगडासारखा टिकलो तसे बाळही टिकावे, एवढीच त्यातली इच्छा. मैनाबाईचा बळवंत माझ्यामागून पाळण्यात आला. बळवंतचे लग्न झाले, शालू सून म्हणून आली, आणि तिचा शैलेशही माझ्यामागून आला. आम्ही कधी जमिनीवर उघडे पडलो नाही, आणि पाट्याला चुकून कुणाचा पाय लागला तर तो माणूस तिथल्या तिथे वाकून नमस्कार करायचा.

पुढे मिक्सर आला. त्याच्यावर माझा राग नाही. तोही बिचारा ओरडून ओरडून काम करतो. भागी यायची बंद झाली, मैनाबाई गेली, आम्ही ओट्याखाली सरकलो. तरी मासळीचे वाटण शालू आमच्यावरच करायची. तेवढ्यावर आम्ही खूश होतो.

मग घरात रूपल आली, शैलेशची बायको. चित्रकला शिकलेली, हसरी, आणि बोईसरच्या एका आर्ट आणि डिझाइन गॅलरीत नोकरीला. त्या गॅलरीचे नाव मी सांगणार नाही. त्या गॅलरीने तरी माझे नाव कुठे नीट सांगितले? बोईसरच्या जुन्या बाजारात, भांड्यांचे दुकान आणि रिक्षाचे गॅरेज यांच्या मधे, पूर्वी सुक्या मासळीचे गोदाम होते. मितेश नावाच्या तरुणाने ते घेतले, आतून पांढरेशुभ्र रंगवले, दिवे लावले आणि चित्रे, दिवे, खुर्च्या, मडकी असे सगळे विकायला मांडले. कारखानदार, बिल्डर, बंगले बांधणारी माणसे तिथे यायची. कडक उन्हात अजूनही भिंतीतून बोंबलाचा वास येतो. मितेश त्यावर अत्तराचा दिवा लावतो.

मितेशने 'जुने स्वयंपाकघर' असे एक प्रदर्शन ठरवले. रूपलला तेव्हा दिवस गेलेले होते. ती सासूला म्हणाली, "आई, आपला पाटा-वरवंटा नेऊ? महिन्याभरात परत आणते."

"ने," शालू म्हणाली. "पण बाळाच्या आधी घरी पायजे हां. पाचवीला लागंल, बारशाला लागंल. आणि दोघांना येगळं ठेवू नको."

रूपलने आम्हाला मऊ चादरीत गुंडाळून नेले, एकत्र मांडले आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात कार्ड लिहिले. पामजवळच्या वाडीतल्या मैनाबाईंच्या घरचे पाटा-वरवंटा, विक्रीसाठी नाहीत. मला बरे वाटले. लोक येत होते, पाहत होते, एखादी म्हातारी गुपचूप हात लावून जात होती.

पण बाळ वेळेआधीच येईल अशी लक्षणे दिसू लागली. रूपलला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच होते, आणि डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितले. तिचे गॅलरीत येणे थांबले. प्रदर्शन संपले, आणि माकडाच्या हाती कोलीत मिळाले.

"जोडी उचलत नाही कुणी," मितेश फोनवर कुणाला तरी सांगत होता. "सुटा पीस उठतो."

त्याने मला उचलून उभे केले. मित्रांनो, वरवंटा आडवा असतो! जन्मभर मी आडवा होतो, आणि या शहाण्याने मला टोकावर उभे करून पांढऱ्या चौथऱ्यावर चिकटवले. त्याआधी अंगाला चकचकीत पॉलिश फासले. डोक्यावर दिवा सोडला. रूपलचे कार्ड काढले आणि नवे लावले. त्यावर माझे नाव होते, 'स्पर्श, क्रमांक तीन'. एक आणि दोन कोण होते देव जाणे. आणि त्याच्या खालीच दुसरी पाटी होती, 'कृपया हात लावू नये'. ज्याचे सगळे आयुष्य हातांखाली गेले, त्याला ही शिक्षा!

तरी हे मी सोसले असते. दादाचे जे केले ते सोसवत नाही.

गॅलरीच्या दारातली पायरी फुटली होती. मितेशने गवंडी बोलावला आणि दादाकडे बोट दाखवले. गवंडी थबकला. "साहेब, पाटा हाय ह्यो."

"माहितीये. म्हणूनच तर लावतोय. येणाऱ्याला पहिल्या पावलाला गावाचा फील आला पाहिजे."

गवंड्याने मान खाली घातली आणि दादाला सिमेंटात बसवले. माझा चौथरा नेमका दारासमोर होता. मी सगळे पाहत होतो.

त्या दिवसापासून दादावर पाय पडू लागले. बूट पडले, उंच टाचांचे सँडल पडले. कुणी चिखल पुसला, कुणी च्युइंगम चिकटवले, कुणी छत्री निथळत ठेवली. ज्या पाट्यावर सटवाई बसते, त्यावर उभे राहून एक साहेब बायकोला म्हणाले, "काय टेक्श्चर आहे बघ!" तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणतात. मला ना तळपाय, ना मस्तक, पण ती आग अंगभर फिरली. मला ओरडता आले असते तर बोईसरच्या सगळ्या भोंग्यांच्या वर माझा आवाज गेला असता. दादा मात्र गप्प. त्याने भागीची छिन्नी सोसली होती, तसेच हेही सोसत होता. पण छिन्नीचा घाव घरच्या माणसाच्या गरजेचा होता. हा कुणाच्या गरजेचा होता, सांगा बरे?

त्यातच एक दिवस माझ्या कार्डावर लाल टिकली लागली. गॅलरीत लाल टिकली म्हणजे वस्तू विकली गेली. एका कारखानदाराच्या मीटिंगच्या टेबलावर मी उभा राहणार होतो. सोमवारी न्यायला येणार होते.

आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, शालू आली.

मितेशचे नवे प्रदर्शन उघडत होते. दारात फुलांची रांगोळी, आत माणसांची वर्दळ. शालूच्या हातात बारशाच्या सामानाची पिशवी होती. शैलेश तिला टेम्पोने सोडून पाळण्याचे कापड आणायला पुढे गेला होता. आत येणाऱ्या एवढ्या माणसांत एकट्या शालूने चपला बाहेर काढल्या. कुणाच्या दारात जाताना चपला काढायच्या, एवढेच तिला ठाऊक. तिचा अनवाणी पाय उंबऱ्यावर पडला, आणि इंगळावर पडावा तसा तिने तो झटक्यात वर घेतला.

इतके दिवस बुटांना काही कळले नव्हते. पायाला कळले.

ती खाली वाकली. बोटांनी च्युइंगम खरवडले. खाली भागीचा मासा निघाला. शालूने दोन्ही हात त्यावर टेकवले, मग कपाळाला लावले. ती उठली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखता येईना. मग तिने मला पाहिले. उभा, चकचकीत, डोक्यावर दिवा. जवळ येऊन तिने ती लाल टिकली पाहिली आणि तिचा श्वास जरा खाली बसला.

"कुंकू तरी लावलंय," ती पुटपुटली. "कुणीतरी मान ठेवला म्हणायचा."

मित्रांनो, त्या क्षणी मला लाज वाटली. तिच्या भोळेपणाची नव्हे, त्या टिकलीची.

मितेश लगबगीने आला. "काकी, तुम्ही रूपलच्या सासूबाई ना? या, या. बाळ कसं आहे?"

"बरं हाय. मितेशभाऊ, आज सांजंला बारसं हाय. आमचा पाटा-वरवंटा न्यायला आलेय. तुमी त्यो पाटा पायात का घातला?"

"पायात नाही काकी, एंट्रन्सला. सगळ्यात मानाची जागा आहे ती. आणि वरवंटा..." तो जरा चाचरला. "तो सोल्ड आहे. ही लाल टिकली बघा. मी रूपलशी बोलणारच होतो."

शालूने टिकलीकडे पाहिले. मग त्याच्याकडे पाहिले. 'तुमी' तिथेच संपले.

"आमची वस्तू तू परस्पर इकलीस? माझा शैलेश याच्यामागून पाळण्यात गेला. आज माझा नातू जायचा हाय. पाचवीला बाळंतिणीला सोडून हितं येता आलं नाय, आन् आख्ख्या आळीत पाटा मिळाला नाय मला, सगळ्यांचे मोरीत नायतर भंगारात. मी मिक्सरच्या भांड्याला हळदकुंकू लावलं रे! सटवाईनं काय लिहिलं असंल माझ्या नातवाच्या कपाळी? घर्र घर्र?"

कुणीतरी फिसकन हसले. शालू हसली नाही. तिने चौथऱ्यावर हात टाकला.

"काकी, हात लावू नका, पॉलिश..."

तिने मला मधोमध धरले आणि असा हिसडा दिला की चिकटवलेले बूड चौथऱ्याचा पांढरा रंग घेऊन सुटले. किती दिवसांनी मला हात लागला! खरबरीत, नारळ सोलणारा, माझ्या ओळखीचा हात. तो पॉलिशवरून निसटायला लागला तशी तिने मला पदरात घेतले आणि दारात जाऊन बसली. थेट दारात, दादाच्या समोर, एक पाय दुमडून, घरी बसते तशी. बाहेरचे बाहेर, आतले आत. रस्ता बंद.

पिशवीतून तिने पाण्याची बाटली काढून दादाला आंघोळ घातली. मग खडेमीठ काढले, मूठभर तांदूळ काढले, दादाच्या अंगावर टाकले आणि मला आडवा धरून वाटायला सुरुवात केली. जखमेवर मीठ चोळू नये म्हणतात. पण त्या मिठाने माझे पॉलिश निघत होते, मित्रांनो. खर्र, खर्र. दादाचा आवाज मला ऐकू येत होता आणि माझा त्याला. चकाकी निघाली, खाली मी निघालो.

आणि मग सगळ्यात संतापाची गोष्ट घडली. लोक टाळ्या वाजवू लागले! भोवती कडे करून मोबाइल वर धरले. "लाइव्ह परफॉर्मन्स आहे वाटतं," एक बाई म्हणाल्या. "किती ऑथेंटिक!"

शालूचा हात थांबला. "टाळ्या कसल्या वाजवता? माझ्या घरचा पाटा हाय ह्यो. येताना याच्यावरून आलात ना? पायातले काढा आधी, आणि पाया पडा याच्या!"

मोबाइल खाली आले. एकदोघे खरेच बुटांकडे पाहू लागले. मितेशचा चेहरा घामाने भिजला. "काकी, उठा. फ्लोअर सेट झालंय, पाटा आता निघणार नाही. नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलव. मी हितंच हाय."

त्याने रूपलला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर सुरू केला. त्याला वाटले, नोकरीवाली सून सासूला समजावेल. मलाही क्षणभर धाकधूक वाटली. रूपलला ती नोकरी फार प्रिय होती. मागे बाळ रडत होते.

"रूपल, तुझ्या सासूबाईंना सांग जरा. पाटा उंबऱ्यात बसवलाय, आता तो..."

"उंबऱ्यात?" रूपलचा आवाज एकदम बदलला. "सर, पाटा तुम्ही उंबऱ्यात घातला? मी विश्वासाने आणून दिला होता तुमच्याकडे. कार्डावर लिहिलं होतं मी."

"तो काँटेक्स्ट वेगळा..."

"आई, ऐकताय ना?" रूपल म्हणाली. "अजिबात उठू नका."

शालूने फोनकडे न पाहताच मान हलवली आणि पुन्हा वाटायला घेतले.

समोर रस्त्यावर गटाराचे काम चालले होते. आवाज ऐकून तिथला एक मजूर पहार हातात घेऊनच आला. त्याने वाकून पाहिले. "अरे, ये तो सिलबट्टा है! हमारे गाँव में भी इस पर पाँव नहीं रखते। निकालना है क्या, अम्मा?"

"निकालो," शालू म्हणाली.

तेवढ्यात शैलेश आला. आईला दारात बसलेली पाहून आधी तो घाबरला, मग दादाला पाहून त्याच्या कपाळाची शीर ताठली. दोघांनी मिळून पहार लावली. मितेश "माझं फ्लोअर, माझं फ्लोअर" करत राहिला. सिमेंट कडकडून तुटले. दादाचा एक कोपरा मात्र त्या सिमेंटातच राहिला. तो तुटताना दादा पहिल्यांदा कण्हला, मी ऐकले.

शालूने मला आणि दादाला छोट्या टेम्पोत शेजारी शेजारी ठेवले. निघताना ती मितेशला म्हणाली, "तुझ्या घरी कुणाचं बारसं झालं तर ये मागायला. मी देईन. पण घिऊन जाताना डोक्यावर न्यायचा."

मी त्याला माफ केलेले नाही. ऐकतो की त्याच रात्री त्याने त्या चौथऱ्यावर बाजारातला नवा वरवंटा उभा केला. कार्ड तेच, टिकलीही तीच. सोमवारी कारखानदार तो घेऊन गेला, त्याला फरक कळलेला नाही.

संध्याकाळी वाडीत बारसे झाले. रूपलने स्वतः मला हळद लावली. मग ती माझ्या बुडाला चिकटलेला पांढरा रंग नखाने खरवडत राहिली. मला कुंची घातली. बायकांनी देवाची नावे घेत मला पाळण्याच्या खालून-वरून दिले. शेवटी मला निजवले आणि माझ्या जागी, माझ्या उबेत म्हणा हवे तर, बाळाला ठेवले. दगडाला कसली ऊब, असे म्हणू नका. दिवसभर वाटलेल्या दगडाला हात लावून पाहा. बाळाचे नाव स्वराज ठेवले. बळवंतने नातवाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हाताऱ्याने दोघांनाही नमस्कार केला.

आता आम्ही ओट्याखाली नाही, ओट्याजवळ आहोत. रूपल दुसरीकडे काम शोधते आहे, आणि रविवारी आमच्यावर चटणी वाटायला शिकते आहे. मला अजून नीट धरत नाही, बोटे चेमटून घेते. शिकेल. तर मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी तसे सांगणार नाही. मितेशनेही मला जपलेच होते, दिवा सोडून, पॉलिश लावून. तुम्ही आम्हाला वापरा. वापरता येत नसेल तर ज्याला येते त्याला द्या. आणि जिथे देव बसवलात तिथे पाय ठेवू नका.

दादाच्या कडेला सिमेंटची एक पट्टी अजून चिकटून आहे. परवा शैलेश छिन्नी घेऊन ती काढायला बसला, तर शालूने त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे ती," ती म्हणाली. "स्वराज मोठा झाला की विचारंल, आजी, ह्ये काय हाय म्हणून. तवा मला सांगायचं हाय."